आकाब्ले

बाबा गेले त्याला तीन आठवडे झाले होते. फ्रेंचच्या वर्गाला मी सलग चार वेळा गेले नव्हते, एक निबंधही द्यायचा राहिला होता. म्हणून एका संध्याकाळी मादामना मेल लिहायला बसले. टेबलावर बाबांची कागदपत्रं पसरलेली होती. त्या दिवशी मी अकरा अर्ज भरले होते आणि अकराही अर्जांवर पहिली ओळ एकच होती, मृत व्यक्तीचं संपूर्ण नाव. पाचव्या-सहाव्या अर्जापर्यंत ते नाव लिहिताना दर वेळी घशात काहीतरी अडकत होतं. पुढे हात आपोआप लिहू लागला आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मेल मात्र नीट लिहिली. गैरहजेरीबद्दल क्षमा मागितली, आणि कारण म्हणून वर्गात शिकलेलं एक तयार वाक्य टाकलं: ‘झ स्वी देबोर्दे.’ कामांचा पूर आलाय, आवरेनासं झालंय, अशा अर्थाचं. फ्रेंच माणूस हे वाक्य आठवड्यातून चार वेळा तरी म्हणत असेल. कुणाला त्यात वावगं वाटत नाही, पुढे कुणी काही विचारत नाही. मला तेच हवं होतं.

तासाभरात उत्तर आलं. ‘नों. वू झेत आकाब्ले.’ नाही. तुम्ही आकाब्ले आहात, म्हणजे ओझ्याखाली दबून गेलेल्या. खाली आणखी एक ओळ होती, निबंधाची काळजी करू नका. बस.

मादाम आम्हा सगळ्यांना, अगदी विशीतल्या मुलांनाही, ‘वू’ म्हणायच्या. म्हणजे अहो-जाहो करायच्या. त्यांचं हे उत्तर सांत्वनाचं नव्हतंच. निबंधात लिंगवचनाची चूक दाखवावी तसा त्यांनी एक शब्द खोडून दुसरा लिहिला होता. पण ती ओळ वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. तीन आठवडे लोक मला ‘सावर’, ‘खंबीर राहा’, ‘आता तुलाच बघायचंय’ असं सांगत होते. मला नेमकं काय झालंय हे पहिल्यांदाच कुणीतरी सांगितलं होतं.

मग मी तो शब्द शोधत गेले. त्या दिवसांत पुस्तक वाचवत नव्हतं, दोन पानांवर मन ठरत नव्हतं. शब्दकोशातली एक नोंद मात्र वाचून होत असे.

आधी माझा चुकलेला शब्द घेते, कारण चुकला असला तरी तो वाईट शब्द नाही. ‘देबोर्दे’मध्ये ‘बोर’ आहे, बोर म्हणजे काठ. काठ ओलांडून गेलेलं ते देबोर्दे. नदी पात्राबाहेर आली की हेच क्रियापद, दूध उतू गेलं की हेच. आपण म्हणतो भांडं भरून वाहायला लागलं. फ्रेंचमध्ये एक नेहमीचा वाक्प्रचार आहे, ‘फुलदाणी उतू घालवणारा थेंब’. आधी शेकडो थेंब पडून गेलेले असतात, त्यांचं नाव कुणी घेत नाही. बोल लागतो तो शेवटच्याला. पॅरिसमध्ये जानेवारी 1910मध्ये सेन नदी अशीच काठाबाहेर आली. 28 जानेवारीला ऑस्तरलित्झच्या पुलापाशी पाण्यानं 8.62 मीटरची पातळी गाठली. आल्माच्या पुलाखाली एका झुआव्ह सैनिकाचा दगडी पुतळा उभा आहे, त्याच्या खांद्यापर्यंत पाणी आलं होतं. आजही सेन चढायला लागली की पॅरिसचे लोक त्या पुतळ्याकडे बघतात: घोट्यापर्यंत आलंय, गुडघ्यापर्यंत आलंय. 1910चं पाणी ओसरायला महिन्याहून जास्त काळ लागला, पण ओसरलं. देबोर्दे माणसाचंही असंच असतं. त्याचं पाणी मोजता येतं. कामं वाटून टाकली, चार गोष्टींना नाही म्हटलं, दोन रात्री झोप झाली की पातळी उतरते.

हे लिहिताना मला देबोर्देला हलकं लेखायचं नाही. ज्या बाईच्या डोक्यात सकाळपासून सगळ्यांची वेळापत्रकं, औषधं, संपलेल्या वस्तू, राहिलेले फोन एकाच वेळी फिरत असतात, तिचं उतू जाणं खरंच असतं. फ्रेंचमध्ये या डोक्यातल्या कामाला ‘शार्ज माँताल’ म्हणतात, मनावरचं ओझं. मोनिक एको या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1984 साली त्यावर लिहिलं, तेव्हा ते अभ्यासकांच्या वर्तुळात राहिलं. 2017 साली एम्मा या नावानं चित्रकथा काढणाऱ्या एका बाईनं तेच साध्या चित्रांमधून मांडलं, आणि फ्रान्समधल्या घराघरांत त्यावरून वाद झाले. मला वाटतं, ते वाद व्हायलाच हवे होते.

पण माझं तसं नव्हतं. माझी कामं खरं तर कमी झाली होती. गेली दोन वर्षं बाबांच्या आजारपणानं दिवसाचा तास न् तास भरलेला असायचा, आणि आता दुपारी चार वाजता करण्यासारखं काही नव्हतं. चार वाजता त्यांच्या गोळीची वेळ असायची. माझ्या मोबाइलमध्ये त्याचा गजर अजून लावलेला होता. तो वाजायचा, मी बंद करायचे, काढून मात्र टाकत नव्हते. त्या रिकाम्या चार वाजण्याला पूर म्हणता येत नाही. हात मांडीवर पडलेले असायचे आणि ते उचलून काही करावं एवढंसुद्धा बळ नसायचं.

आकाब्लेचा उगम फ्रान्सच्या उत्तर भागातल्या, नॉर्मंडी आणि पिकार्डीकडच्या जुन्या बोलींमध्ये आहे. तिथे ‘काआब्ल’ म्हणजे मध्ययुगातलं एक युद्धयंत्र, तटबंदीवर मोठमोठे धोंडे फेकणारं. त्याच्याही मागे ग्रीक ‘काताबोले’ आहे. ‘काता’ म्हणजे खाली, आणि पुढचा भाग ‘फेकणे’ या क्रियापदातला. खाली फेकणं, खाली पाडणं. हे फेकण्याचं क्रियापद फार दूरवर पसरलेलं आहे. प्रॉब्लेम म्हणजे मुळात ‘पुढ्यात टाकलेलं’. शरीर अन्नाचे, आणि वेळ आली तर स्वतःचेही, मोठे रेणू तोडून लहान करतं त्या क्रियेला जीवशास्त्रात कॅटाबोलिझम म्हणतात, आपण अपचय म्हणतो. तोही याच कुळातला. शेवटच्या महिन्यांत बाबांचं वजन कसं उतरत गेलं ते मी पाहिलं होतं, त्यामुळे शब्दकोशातल्या त्या ओळीवर मी जरा थांबले.

शब्दाच्या पोटात असा वरून येणारा धोंडा आहे. पाणी भोवताली चढत जातं, निदान दिसतं तरी. धोंडा येतो आणि माणूस होता तिथेच खाली बसतो.

पण मला खरा हलवून गेला तो या शब्दाचा दुसरा नातलग. जुन्या फ्रेंचमध्ये ‘शाआब्ल’ म्हणजे वाऱ्यानं पाडलेली झाडं, आणि आजच्या फ्रेंच वनखात्याच्या भाषेत ‘शाब्ली’ म्हणजे वादळात मुळासकट आडवं झालेलं झाड. (बर्गंडीत शाब्ली नावाचं गाव आहे, तिथली वाइन प्रसिद्ध आहे. तिचा या झाडाशी संबंध नाही, फक्त नाव सारखं.) हे वाचलं आणि माझ्या तोंडून आपसूक मराठी शब्द निघाला: उन्मळून पडलेलं. मूळ वर आलेलं. झाडालाही आपण हेच म्हणतो आणि माणसालाही हेच म्हणतो, ‘ती पार उन्मळून पडली’. दोन भाषांचा एकमेकींशी काही व्यवहार नसताना दोघींनी एकच झाड पाहिलं होतं. आकाब्लेला मराठी प्रतिशब्द शोधायचा तर ‘दडपलेला’, ‘ओझ्याखाली दबलेला’ असे सुचतात आणि कोशांमध्ये तसेच दिले जातात. चूक नाहीत. पण मी माझ्या वहीत त्यापुढे ‘उन्मळलेली’ असं लिहून ठेवलं आहे.

मग मी शाब्लीबद्दल वाचत सुटले. मिळेल ते वाचलं, कारण या झाडांबद्दल वाचताना मला बरं वाटत होतं. वनखात्याचे लोक किती बारकाईनं बघतात! मुळासकट आडवं झालं तर ते शाब्ली. खोड मध्येच मोडून शेंडा खाली आला तर त्या पडलेल्या भागाला ‘व्होली’ म्हणतात, आणि जो बुंधा उभाच राहतो त्याला म्हणतात ‘शाँदेल’, म्हणजे मेणबत्ती. जंगलात वरून मोडलेला, फांद्या नसलेला, नुसता उभा असलेला बुंधा. अशी माणसंही मी पाहिलेली आहेत. माझी आत्या त्या दिवसांत तशी होती. सगळ्यांचं सगळं करत होती, ताठ उभी होती, आणि तिच्याकडे वर पाहिलं की कळायचं, शेंडा नाही.

फ्रान्समध्ये 1999च्या डिसेंबरात दोन वादळं पाठोपाठ आली. लोथार 26 तारखेला, मार्टिन 27च्या संध्याकाळपासून. वर्सायच्या राजउद्यानातली हजारो झाडं गेली. देशभरातल्या जंगलांत मिळून सुमारे 14 कोटी घनमीटर लाकूड जमिनीवर आलं. एरवी तीन वर्षांत मिळून तोडलं जातं साधारण तेवढं, दोन-तीन दिवसांत. आता एवढ्या लाकडाचं करायचं काय? लाकूडकापीचे कारखाने ते एकदम घेऊ शकत नव्हते, बाजारही घेऊ शकत नव्हता. आणि पडलेलं ओंडकं तसंच ठेवलं तर सुकतं, चिरतं, त्यात बुरशी आणि कीड शिरते. म्हणून पुष्कळ ठिकाणी ओंडक्यांच्या लांबच लांब थप्प्या रचल्या आणि त्यांच्यावर फवाऱ्यांनी सतत पाणी मारत ठेवलं. महिनोन्‌महिने, काही थप्प्यांवर तर वर्षानुवर्षं. लाकूड ओलं राहिलं की टिकतं. मग जसजसं झेपेल तसतसं एकेक ओंडकं काढून कापायला न्यायचं.

हे मी रात्री दोन वाजता वाचलं आणि मला रडू आलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. कुणीतरी सांगत होतं की एवढं सगळं एकदम कापून होत नाही, ते ठेवून द्यावं लागतं, फक्त सुकू द्यायचं नाही.

आणखी एक गोष्ट तिथेच वाचली. उन्मळून पडलेलं झाड कापणं हे जंगलातल्या सगळ्यात धोक्याच्या कामांपैकी एक आहे. झाड आडवं पडलेलं दिसतं, शांत दिसतं. पण मुळांबरोबर मातीची मोठी थाळी उचललेली असते आणि खोडाच्या वजनानं ती तशी तिरकी धरून ठेवलेली असते. खोड कापलं की ते वजन जातं आणि ती थाळी एकदम परत जागेवर आदळू शकते. वाकलेल्या खोडातही ताण साठलेला असतो, चुकीच्या बाजूनं करवत लावली तर ते उसळतं. म्हणून अनुभवी लाकूडतोड्या आधी झाडाभोवती फिरून बघतो, ताण कुठल्या बाजूला आहे ते ओळखतो आणि मगच हात लावतो. बाबांच्या कपाटाला हात लावायची घाई करणाऱ्या एका नातेवाइकांवर मी त्याच आठवड्यात अशी ओरडले होते की घरातले सगळे थिजून गेले. त्यांचा हेतू चांगला होता. मला मोकळं करायचं होतं त्यांना. त्यांची मी नंतर माफी मागितली, आणि त्यांनी ‘अगं, असू दे’ म्हणत विषय मिटवला.

मी वर्गात परत गेले तेव्हा मादामनी व्याकरण घेतलं. माझ्याकडे न बघता घेतलं, याबद्दल मी त्यांची आजन्म ऋणी आहे. फळ्यावर त्यांनी आकाब्ले लिहिलं आणि त्यापुढे एक छोटा शब्द, ‘द’. आकाब्ले द शाग्रँ, दुःखानं. आकाब्ले द देत, कर्जानं. आकाब्ले द फातीग, थकव्यानं. म्हणाल्या, हा शब्द एकटा उभा राहू शकतो, पण बहुधा राहत नाही. त्याला विचारायचं असतं, कशानं? एकानं विचारलं, आकाब्ले द त्रावाय, कामानं, असं चालतं का? म्हणजे मग देबोर्देच झालं की. मादाम म्हणाल्या, चालतं, कोशातही आहे. पण मग त्या माणसाचे हात बघा. देबोर्दे माणसाचे हात चालू असतात, आकाब्ले माणसाचे थांबलेले असतात.

या ‘कशानं?’वर मी त्यानंतर खूप विचार केला. आपण मराठीत हल्ली सर्रास ‘ओव्हरव्हेल्म झाले’ म्हणतो. सत्कार झाला तरी ओव्हरव्हेल्म, कामाचा ढीग पडला तरी ओव्हरव्हेल्म, कुणी गेलं तरी ओव्हरव्हेल्म. परक्या शब्दाबद्दल माझी तक्रार नाही, मीही वापरते. या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थही पालथं होणं, पाण्याखाली जाणं असाच आहे, म्हणजे तो देबोर्देच्या शेजारचा. माझी अडचण एवढीच की आपण तो म्हणतो आणि तिथेच वाक्य संपतं. कशानं, ते सांगावं लागत नाही. आणि आपल्याकडे शब्द काय कमी आहेत? नुसतं ऐका. भांबावले, म्हणजे कुठे वळावं कळत नाही. गांगरले, म्हणजे अचानक समोर आलं. नाकी नऊ आले, म्हणजे दमछाक, पण अजून धावते आहे. मेटाकुटीला आले, म्हणजे बरेच दिवस चाललंय. खचले: जमीन खचते, रस्ता खचतो, तसं आतून. कोलमडले, म्हणजे आधार काढून घेतला. ऊर भरून आला आणि भारावले हे चांगल्या बाजूचे. ‘भारावणे’त तर सरळ भार दिसतो, तरी तो आनंदाचा. फ्रेंचांचं इथे उलट आहे, त्यांचं वजन बहुतेक वेळा वाईटच असतं. कडक उन्हाळ्याला ते ‘शालर आकाब्लाँत’ म्हणतात, माणसाला खाली दाबणारी उष्णता. 2003च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये तशा उष्णतेनं सुमारे 15,000 माणसं गेली, त्यांत बहुसंख्य म्हातारी होती, कितीतरी घरात एकटी. कोर्टात आरोपीला सुटकेची वाट न ठेवणाऱ्या पुराव्यालाही तेच विशेषण लावतात. मात्र कुणाला स्तुतीनं आकाब्ले केलं असंही म्हणता येतं, म्हणजे स्तुतीसुद्धा धोंड्यासारखी डोक्यात घालता येते. ते मला पटतं.

भावनेनं उलथापालथ झाली यासाठी त्यांच्याकडे आणखी एक सुंदर शब्द आहे, ‘बुलवेर्से’. चेंडूसारखं घरंगळणं आणि उलटं होणं, दोन्ही त्यात जोडलेली. तो दुःखालाही चालतो आणि एखादं गाणं ऐकून आत काही हललं तरी चालतो. त्यावर वेगळं लिहीन कधीतरी.

गजर मी सात महिन्यांनी काढला. ठरवून नाही. मोबाइल बदलला आणि नव्या मोबाइलमध्ये तो लावला नाही, एवढंच. चार वाजून गेले, पाच वाजले, आणि मग लक्षात आलं.

गेल्या महिन्यात माझ्या एका मैत्रिणीचा फोन आला. रात्री उशिरा. म्हणाली, ‘अगं, मी पार ओव्हरव्हेल्म झालेय.’ एरवी मी म्हटलं असतं, जरा सुटी घे, थोडं बाहेर जाऊन ये. त्या दिवशी मी विचारलं, ‘कशानं?’

तिला ते जरा विचित्र वाटलं असावं. क्षणभर गप्प राहिली, मग सांगायला लागली. ऑफिसात दोन माणसं कमी झालीत आणि त्यांचं काम हिच्यावर आलंय. मुलाची परीक्षा आहे. न्हाणीघराची गळती काही थांबत नाहीये, प्लंबर तीनदा येऊन गेला. मी नुसती ‘हं’, ‘हं’ करत होते. हे सगळं पाणी होतं, काठावरून जाणारं. ती जरा थांबली. पलीकडे तिनं खुर्ची ओढल्याचा आवाज आला, बसली असावी.

‘आणि परवा आईनं मला ओळखलं नाही गं,’ ती म्हणाली. ‘तुम्ही कोण, असं विचारलं. अहो-जाहो केलं मला.’